शब्दांवांचून सांगितलेली कथा

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत गायनमंडळाच्या वतीनें वाचलेलें भाषण)



ज्युबिली-समितीनें गेल्या वर्षीं आम्हां गायनमंडळाच्या सभासदांना एक आज्ञा केली होती. आपल्या धर्मग्रामाची कथा वाद्यांवर सांगणारी एक रचना आम्हीं करावी व ती आज येथें वाजवावी, अशी ती आज्ञा होती. गाणीं पुष्कळ झालीं, आतां नुसतीं वाद्यें बोलावींत, असें समितीचें म्हणणें. आम्हींही उत्साहाच्या भरांत होकार दिला. आज आपणांपुढें ती रचना नाहीं, तिच्याऐवजीं हें भाषण आहे. यावरून काय झालें असेल तें आपण ओळखलेंच असेल.

तरी तें थोडक्यांत सांगणें आमचें कर्तव्य आहे. पांच व्हायोलिनें, दोन क्लॅरिनेट, एक ट्रंपेट, एक ऑर्गन आणि एक ढोल एवढी सामग्री घेऊन आम्ही कामास लागलों. मंदिर बांधणाऱ्या गवंड्यांचे हातोडे ढोलावर, समुद्राची गाज ऑर्गनच्या खालच्या सुरांत, मासळी घेऊन परतणाऱ्या होड्या क्लॅरिनेटवर, आणि शेवटीं घंटा, अशी योजना केली. तयारी झाल्यावर घरच्या मंडळींना बोलावून वाजवून दाखविलें. एका आजोबांना गवंड्यांच्या जागीं आगगाडी ऐकूं आली. एका मावशींना समुद्र ऐकून पिठाच्या गिरणीची आठवण झाली. आणि घंटा वाजतांच एका लहान मुलानें शाळा सुटली असें मोठ्यानें जाहीर केलें. आपण होऊन हात दाखवून अवलक्षण करून घेतलें, असें वाटून आम्ही त्या रात्रीं मुकाट्यानें घरीं गेलों.

चूक कोठें झाली याचा शोध करतां करतां आमच्या ध्यानांत आलें कीं, आम्ही वाद्यांकडून त्यांचें नसलेलें काम करवून घेत होतों. वाद्याला नांव घेतां येत नाहीं. 'गवंडी' हा शब्द कोणत्याही सुरांत नाहीं. 'काल', 'उद्यां', 'कारण', 'परंतु' हेही नाहींत. ढोलाचा ठोका हा हातोडा असेल, तोफ असेल, दारावरची थाप असेल किंवा छातींतली धडधड असेल. तो काय आहे हें ढोलाला ठाऊक नसतें. थोर जर्मन रचनाकार बेटोव्हेन यानें १८०८ सालीं व्हिएन्ना येथें आपली 'ग्रामीण' म्हणून ओळखली जाणारी सहावी सिंफनी लोकांपुढें आणली, तींत ओढा आहे, वादळ आहे, आणि दुसऱ्या भागाच्या अखेरीस बासरी, ओबो व क्लॅरिनेट यांवर तीन पक्ष्यांचे आवाजही आहेत. परंतु या रचनेंत चित्रापेक्षां भावना अधिक आहे, असें त्यानेंच बजावून ठेवलें. पक्षी हें त्याच्या पानांतलें मीठ होतें. आम्हीं ताटभर मीठच वाढलें होतें.

मग वाद्यवृंदानें कथा सांगावी तरी कशी? या प्रश्नाचें सर्वांत स्पष्ट उत्तर आम्हांस एका सव्वीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाच्या रचनेंत सांपडलें, आणि तेंच आज आपणांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

हेक्टर बर्लिओझ याचा जन्म ११ डिसेंबर १८०३ रोजीं फ्रान्सच्या आग्नेय भागांतील ला कोत-सेंत-आंद्रे या लहानशा गांवीं झाला. वडील डॉक्टर होते. मुलानेंही डॉक्टर व्हावें या इच्छेनें १८२१ सालीं त्यांनीं त्याला पॅरिसला धाडलें. शवविच्छेदनाच्या खोलीचें पहिलें दर्शन होतांच आपण खिडकींतून उडी टाकून पळालों, असें त्यानें स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवलें आहे. पुढें तो संगीताकडे वळला तो कायमचाच. पियानो त्याला वाजवतां येत नसे. बासरी व गिटार एवढींच त्याचीं वाद्यें. ज्यांच्या घरीं पियानो नाहीं अशा आमच्यांतील पुष्कळांना ही गोष्ट वाचून बराच धीर आला.

११ सप्टेंबर १८२७ रोजीं एका इंग्रज नाटकमंडळीनें पॅरिसमध्यें शेक्सपिअरचें 'हॅम्लेट' केलें. ऑफिलियाचें काम हॅरिएट स्मिथसन नांवाच्या आयरिश नटीनें केलें, आणि प्रेक्षकांत बर्लिओझ बसला होता. त्याला इंग्रजी जवळजवळ येत नव्हतें. तरी त्या रात्रींपासून तो त्या बाईच्या ध्यासानें वेडावला. त्यानें पत्रें धाडलीं. उत्तर आलें नाहीं. ही हकीगत आम्ही केवळ मौज म्हणून सांगत नाहीं. ज्यानें पुढें शब्दांवांचून कथा सांगितली, त्यानें आपल्या आयुष्यांतली सर्वांत मोठी कथा शब्द न कळतांच ऐकली होती. पुढच्याच वर्षीं बेटोव्हेनच्या सिंफनी त्याच्या कानीं पडल्या, आणि नुसता वाद्यवृंद किती बोलूं शकतो याची त्याला जाणीव झाली.

१८३० सालच्या पहिल्या कांहीं महिन्यांत त्यानें आपली 'सिंफनी फांतास्तिक' लिहिली. ती पांच भागांची आहे. एक तरुण कलावंत एका स्त्रीच्या प्रेमांत पडतो. पहिल्या भागांत त्याचीं स्वप्नें व विकार आहेत, दुसऱ्यांत नृत्याची मेजवानी, तिसऱ्यांत शेतावरची संध्याकाळ. मग निराशेनें तो अफू घेतो. मात्रा कमी पडल्यामुळें तो मरत नाहीं, परंतु त्याला भयंकर स्वप्न पडतें: आपण तिचा खून केला असून आपणांस वधस्तंभाकडे नेत आहेत. हा चौथा भाग. पांचव्या भागांत त्याच्या अंत्यविधीला चेटकिणी जमल्या आहेत. कथा म्हणून पाहिली तर ती फारशी चांगली आहे असें आम्हांस वाटत नाहीं. तरुणपणीं अशा कथा सर्वांनाच सुचतात. परंतु ती सांगण्याची रीत मात्र विलक्षण आहे.

ती रीत अशी. त्या स्त्रीला त्यानें एक चाल दिली. फक्त एक. त्या चालीला तो 'इदे फिक्स' म्हणतो, म्हणजे मनांत ठाण मांडून बसलेली कल्पना. पहिल्या भागांत व्हायोलिनें आणि बासरी ती चाल मिळून म्हणतात, आणि त्या वेळीं खालचीं तंतुवाद्यें सलग साथ करीत नाहींत. छाती धडधडावी तसे तुटक ठोके तेवढे देतात. चाल लांब आहे. वर चढते, थांबते, पुन्हा थोडी अधिक वर चढते, आणि मग खालीं येते. ऐकणाऱ्याला ती एकदां ओळखीची झाली कीं पुढचें सर्व काम तीच करते. मेजवानींत वॉल्ट्झ नाच ऐन रंगांत असतां तीच चाल नाचाच्या ठेक्यांत येते, आणि गर्दींत ओळखीचा चेहरा दिसावा तसें होतें. शेतावर ती येते तेव्हां खालचीं वाद्यें गुरगुरूं लागतात. ती स्त्री आली, गेली, आतां ती परकी झाली, असें कोणी बोलून दाखवीत नाहीं. त्या चालीचें जें जें होतें तीच कथा असते.

येथें एक आडवळणाची गोष्ट सांगतों. ही चाल त्यानें हॅरिएटसाठीं रचलेलीच नव्हती! १८२८ सालीं एका स्पर्धेसाठीं लिहिलेल्या 'एर्मिनी' नांवाच्या गीतरचनेंत ती आधींच होती. चौथ्या भागांतली कूच अर्धवट राहिलेल्या एका संगीतनाटकांतून घेतलेली. आणि अगदीं आरंभीं व्हायोलिनांवर जी हळवी चाल येते, ती त्यानें लहानपणीं एस्तेल नांवाच्या मुलीच्या ओढीनें रचली होती. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवीत तसाच हा प्रकार. आमच्यांतील एका तरुण सभासदास हें कळल्यावर फसविल्यासारखें वाटलें. आमचें मत निराळें आहे. नवें सुचण्याची वाट पाहत बसण्यापेक्षां जवळचें काय कोठें जोडावें हें कळणें, हाच रचनाकाराचा मोठा गुण होय.

तिसऱ्या भागाविषयीं थोडें विस्तारानें बोलण्याची परवानगी असावी, कारण आम्हांस खरें शिक्षण तेथें मिळालें. आरंभीं इंग्लिश हॉर्न (सनईच्या कुळांतलें, ओबोचा थोरला भाऊ म्हणावें असें वाद्य) एक धनगरी चाल वाजवितें. रंगमंचाच्या मागें, दूर, एक ओबो तिला उत्तर देतो. दोन धनगर दोन टेकड्यांवरून एकमेकांना हांका मारीत आहेत, इतकें साधें. मग कलावंताचे विचार, ती चाल, मनांतली खळबळ, पुन्हा शांतता. भाग संपतां संपतां इंग्लिश हॉर्न पुन्हा हांक मारतें. आपण उत्तराची वाट पाहतों. ओबो वाजत नाहीं. त्याच्या जागीं, दूरवर, मेघ गडगडतात. चार वादक चार तांब्याच्या नगाऱ्यांवर हळुवार दांड्या फिरवीत असतात. हॉर्न पुन्हा हांक मारतें. पुन्हा गडगडाट. मग सर्व स्तब्ध होतें.

ज्या ओबोनें वाजविलें नाहीं त्यानेंच कथा सांगितली. आमच्या रचनेंत आम्ही सर्व वाद्यांना सतत काम देत होतों, कोणाला वाईट वाटूं नये म्हणून! आधीं हांक-उत्तराची संवय लावावी आणि मग उत्तर काढून घ्यावें, ही गोष्ट आमच्या स्वप्नांतही आली नव्हती. ज्यांच्या घरांतलें कोणी माणूस गेलें आहे, त्यांना या जागेचा अर्थ सांगावा लागत नाहीं. आमच्या मंडळांतल्या एका बाईंनीं ती जागा ऐकली आणि त्या उठून बाहेर गेल्या. त्यांचे यजमान गेल्याला तेव्हां चार महिने झाले होते.

चौथा भाग ढोल-कर्ण्यांचा आहे व तो सर्वांना आवडतो. त्याविषयीं फार सांगत नाहीं. शेवट मात्र ध्यानांत ठेवावा. गलबला एकाएकीं थांबतो, आणि एकटा क्लॅरिनेट ती चाल हळूच सुरू करतो. चार मात्राखंडही नीट पुरे होतात न होतात तोंच सबंध वाद्यवृंदाचा एकच घाव पडतो. तें गिलोटिनचें पातें. चाल तुटते, व पुढें नगारे आणि कर्णे वाजतात. त्या तरुणाच्या मनांत शेवटचें काय होतें, हें सांगायला निवेदक लागला नाहीं.

आतां पांचवा भाग. यावर आमच्या मंडळांत मोठा वाद झाला, आणि तो अद्यापि मिटलेला नाहीं.

या भागांत ती प्रिय चाल प्रथम एका लहान, किरट्या आवाजाच्या क्लॅरिनेटवर येते. उड्या मारीत, चिरकत, चेटकीण होऊन. मग दूर घंटा वाजतात, आणि बासून व खालचीं पितळी वाद्यें एक जुनी चाल अगदीं संथ, जड सुरांत म्हणूं लागतात. एक पायरी खालीं, परत वर, मग आणखी खालीं. कोणी तळघरांत उतरत असावा तशी. ध्वनिमुद्रिका येथवर आली तेव्हां आमच्यांतील तरुण मंडळी स्वस्थ बसलीं होतीं. आमचे सर्वांत वडील सभासद मात्र खुर्चीवरून उठून उभे राहिले. ती 'दिएस इरे'ची चाल होती.

तरुणांसाठीं सांगतों. 'दिएस इरे' हें न्यायाच्या दिवसाचें लॅटिन गीत. परंपरेनें तें तेराव्या शतकांतील फ्रान्सिस्कन संन्यासी चेलानोचे थॉमस यांच्या नांवावर आहे. मृतांसाठींच्या मिस्सेंत तें शतकानुशतकें गायिलें जाई. व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९-७० सालीं मिस्सेची नवी विधि आली, तींतून तें गळलें. आमचे वडील सभासद लहानपणीं प्रेतापुढें उभे राहून तें गात असत. त्यामुळें तेच सूर ऐकून तरुणांना एक गंभीर चाल ऐकूं आली, आणि त्यांना उघडी कबर दिसली. १८३० सालच्या पॅरिसमधील श्रोत्यांना ती सांगावी लागली नाहीं. सभागृहांतील लहानथोर सर्वांना ती पाठ होती. शब्द उच्चारल्यावांचून बर्लिओझनें त्यांच्याकडून शब्द म्हणवून घेतले. आमच्या गवंड्यांचा हातोडा कां फसला तें आतां स्पष्ट झालें: तो ऐकणाऱ्यांच्या ओळखीचा नव्हता.

वाद मात्र पुढच्या भागावरून. ती चाल एकदां संथ म्हटल्यावर दुसरीं पितळी वाद्यें तीच दुप्पट गतीनें म्हणतात, आणि तिसऱ्यांदां वरचीं वाद्यें तिला नाचाच्या ठेक्यावर उडवितात. शेवटीं चेटकिणींचा फेर आणि 'दिएस इरे' एकत्र वाजतात. ही थट्टाच आहे. बर्लिओझच्या छापील पत्रिकेंतही तसें म्हटलें आहे. वडील सभासद म्हणाले, "माझ्या आईच्या प्रेतावर जें गायिलें, तें कोणीं नाचवूं नये." यावर काय उत्तर द्यावें? आमच्यांतील कांहींनीं असें सुचविलें कीं, येथें थट्टा गीताची नसून त्या स्वप्न पाहणाऱ्याची आहे. ज्यानें सुंदर तें सर्व मनांत विटाळलें, त्याला पवित्र गीतही तसेंच ऐकूं येणार. आम्हां बहुतेकांना हें पटतें. त्यांना पटलें नाहीं, आणि त्यांच्याजागीं आम्ही असतों तर आम्हांलाही कदाचित् पटलें नसतें. एवढें मात्र नोंदवितों कीं, पहिला प्रयोग ५ डिसेंबर १८३० रोजीं झाला, आणि बरोबर सात वर्षांनीं, ५ डिसेंबर १८३७ रोजीं, याच बर्लिओझची मृतांसाठींची भव्य मिस्सा पॅरिसच्या आंव्हालीद मंदिरांत गायिली गेली. तींत 'दिएस इरे'चे शब्द आहेत, पण चाल त्याची स्वतःची. आणि न्यायाच्या कर्ण्यांसाठीं त्यानें पितळी वाद्यांचे चार ताफे चार कोपऱ्यांत उभे केले. त्या वेळीं तो थट्टा करीत नव्हता.

पत्रिकेचा उल्लेख झाला, म्हणून सांगतों. कथा लोकांस कळावी यासाठीं बर्लिओझनें ती छापून सभागृहांत वांटली होती. जर्मन रचनाकार शूमान यानें १८३५ सालीं, फ्रान्झ लिस्टनें पियानोसाठीं केलेली प्रत पाहून, या सिंफनीची मोठी वाखाणणी केली, परंतु पत्रिका त्याला रुचली नाहीं. पांच भागांचीं पांच नांवें पुरेशीं होतीं, असा त्याचा अभिप्राय. पुढें १८५५ सालीं खुद्द बर्लिओझही जवळजवळ तेथेंच आला: सिंफनी एकटीच वाजवावयाची असेल तर पत्रिका नसली तरी चालेल, नांवें तेवढीं असावींत. पत्रिका हा कुबडीसारखा आधार आहे. चालूं लागल्यावर ती टाकतां आली तर बरें. हॅरिएट स्मिथसन हिनें ही रचना ९ डिसेंबर १८३२ च्या सभेंत ऐकली, आणि पुढच्या वर्षीं दोघांचें लग्न झालें. संसार सुखाचा झाला नाहीं. कांहीं वर्षांनीं तीं विभक्त झालीं.

हें सर्व फार दूरचें आहे, असें कोणास वाटेल. परंतु सिनेमांत नायक-नायिकांनीं आनंदांत गायिलेलें गाणें तासाभरानें, ताटातुटीच्या प्रसंगीं, एकट्या व्हायोलिनवर संथ वाजूं लागतें, आणि आपले डोळे भरून येतात, हा अनुभव येथें प्रत्येकास आहे. रीत तीच. आणि मुंबईच्या चित्रपटांसाठीं तीं व्हायोलिनें वाजविणाऱ्यांत कितीतरी जण गोव्याच्या चर्चशाळांत सोल्फेजचे धडे गिरवून आलेले होते. त्यांपैकीं माजोर्डे गांवचे अँथनी गोन्साल्विस यांनीं १९५८ सालीं मुंबईस इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, व आपल्या रागसंगीताला वाद्यवृंदाचा साज चढविण्याची खटपट केली. त्यांच्या कामाविषयीं वेगळें भाषण व्हावयास हवें.

आमच्या रचनेचें काय, असें समितीचे चिटणीस मघांपासून खुणेनें विचारीत आहेत. हातोडे, समुद्र व होड्या आम्हीं काढून टाकल्या आहेत. आतां आम्ही या धर्मग्रामांतल्या प्रत्येकाच्या ओळखीची अशी एकच चाल शोधीत आहों. कोणी लग्नाच्या आदल्या रात्रीं बायका म्हणतात त्या गाण्याची सुचविते, कोणी संध्याकाळच्या प्रार्थनेच्या घंटेची. घंटेचे ठोके तीन तीन, मध्यें विसावा. तो विसावाच आम्हांला सध्यां अधिक उपयोगी वाटतो. रचना पुरी होईल तेव्हां कळवूं. तारीख मागूं नये.

आतां आपल्या परवानगीनें ध्वनिमुद्रिका लावतों. वेळ थोडा असल्यामुळें तिसऱ्या भागाचा शेवट आणि चौथा भाग एवढेंच येथें ऐकवूं. पांचवा भाग ज्यांना ऐकावयाचा असेल त्यांनीं चहानंतर मागच्या खोलींत यावें. वडील सभासदांची त्यास हरकत नाहीं, मात्र त्या वेळीं ते स्वतः अंगणांत बसणार आहेत. लहान मुलांना पुढें येऊं द्यावें, पंखे थोडे मंद करावेत. आणि एक विनंती: इंग्लिश हॉर्न थांबलें म्हणजे भाग संपला असें समजून टाळ्या वाजवूं नयेत. तें उत्तराची वाट पाहत असतें.